कायम गाडीतच राहणार? मग आधी पत्ता ठरवा

कॅम्पर व्हॅनमध्येच राहायचं ठरलंय ना, मग गादी, सोलर, शेगडी नंतर बघा, आधी कागदावर कुठल्या राज्याचे राहणार ते ठरवा. मुंबईत आईबाबा किंवा भाऊ असेल तर माझं स्पष्ट मत, पत्ता तिथलाच ठेवा, आधारवर कुटुंबप्रमुखाचा पत्ता लावता येतो, नात्याचा पुरावा द्यायचा आणि त्यांनी ३० दिवसांत ऑनलाइन होकार द्यायचा. घरात माणूस हवंच कारण आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, स्पीड पोस्टने येते, दार बंद दिसलं की पाकीट परत.

टॅक्स वाचतो म्हणून पुद्दुचेरीचा खोटा पत्ता दाखवून पासिंग अजिबात करू नका, खरंच सांगतोय, पुढे केस होते. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या एकाच राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच तिकडे पुन्हा नोंदणी, एनओसी, टॅक्स हे सगळं लागतं, फिरत राहिलात तर नाही, फक्त फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवा, कोणी अडवलं तर तेच दाखवायचं. बीएच सीरिज, म्हणजे राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा ‘भारत’ नंबर, फ्रीलान्सरना मिळत नाही, त्यासाठी सरकारी नोकरी किंवा ४ राज्यांत ऑफिस असलेली कंपनी लागते.

मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी.