नागपुरातून समुद्राचा प्रकल्प करायचाय? आधी पैसा कुठून कसा येतो ते बघा

परदेशी संस्थांसोबत संशोधन करायचं म्हटलं की समुद्र नसलेल्या गावातून समुद्रावर काम कसलं करता, हे मुलाखतीत विचारतातच. लाजू नका. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. मोक्षधामच्या पुलावरून नमुन्यासाठी बादली सोडली की पाण्याआधी शाम्पूच्या पुड्या वर येतात. परदेशी भागीदाराला शहर आणि समुद्र जोडणारा हाच पट्टा हवा असतो. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, बावा.

खरी गोम पैशात आहे. भागीदारांच्या यादीत नाव आलं म्हणजे निधी आला, असं नाही. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-निधी योजनेत (2021–27) भारतीय संस्थेला आपोआप निधी मिळत नाही. बहुतेकदा ‘असोसिएटेड पार्टनर’ करतात: काम तुमचं, खर्चही तुमचा. गाडी, बर्फ, प्रोजेक्ट असिस्टंटचा पगार कोण देणार, हे सहीआधी लेखी घ्या.

त्याहून चिवट भानगड एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याची. आमच्याकडे परदेशी निधी एका स्वयंसेवी संस्थेत येणार आणि तिने वस्तीतल्या सर्वेक्षणासाठी दुसरीला द्यायचा, असं ठरलं होतं. आराखड्यात तसा बाणही काढलेला. पण 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. त्या दुसऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असली तरी नाही! सर्वेक्षण थांबलं, पावसाळा लागला, पहिल्या पुराचे नमुने गेले. म्हणून प्रत्येक संस्थेचं बजेट पहिल्या मसुद्यापासून वेगळं ठेवा. जिला परदेशी देणगी घ्यायची तिची स्वतःची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवी, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातंही. सीएला आराखडा दाखवा. ‘बघून घेऊ’ म्हणणाऱ्या सरांपेक्षा लेखा विभागातल्या बाईंचं जास्त ऐका, माझं तर हेच मत.

भागीदार शोधताना वीस प्राध्यापकांना एकच मेल ठोकणं बंद करा. एकाचाच पेपर नीट वाचा आणि त्यातलाच प्रश्न विचारा. उत्तर उशिरा येतं, पण येतं. गाळातले जिवाणू परदेशात पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, 2002 आधी तपासा.

होरायझनच्या अर्जाची मुदत ब्रुसेल्सच्या संध्याकाळी पाचला संपते. म्हणजे आपले हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ. तेव्हा कुलसचिवांचं ऑफिस बंद असतं. सही आठवडाभर आधीच घेऊन ठेवा.