टेपवरचं चित्रण डीव्हीडीवर घेताना

व्हीएचएस टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे घ्या, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटतात. व्हीसीआरची (टेप चालवायच्या यंत्राची) पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. तिन्ही यूएसबी कॅप्चर यंत्राला जोडा, ते चित्रण संगणकात घेतं. टेप पाल (PAL, भारतातली टीव्ही-चित्रणाची पद्धत) असेल तर चित्राचा आकार ७२०×५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. रेकॉर्डिंग चालू असताना संगणकावर दुसरं काही नकोच. फ्रेम गळतात, मग आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

४.७ जीबीच्या डिस्कवर सेकंदाला ८ मेगाबिट या दराने तासभराचं चित्रण छान बसतं. दोन तास कोंबायचे तर साडेचारवर या, पण धावपळीच्या दृश्यात चौकोन दिसतील. फाइल नुसती कॉपी करू नका, बरेच प्लेअर ती वाचत नाहीत. ऑथरिंग सॉफ्टवेअरमधून (प्लेअरला वाचता येईल अशी डिस्क रचणारं सॉफ्टवेअर) डीव्हीडी-व्हिडिओच बनवा. आणि हो, बर्न झाल्यावर (डिस्कवर लिहून झाल्यावर) डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं पूर्ण करून ती बंद करा.