गावभागातलं घर आवरायला घेण्याआधी

सांगलीत म्हाताऱ्या आई-वडिलांचं घर आवरायचं असेल तर दिवाळी झाली की सुरुवात करा आणि मृग लागायच्या आत संपवा. एकदा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारायची वेळ आली, की माळ्यावरचं सामान शांतपणे खाली घेणं होत नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी नदीजवळच्या जुन्या गावभागातल्या किती घरांचे फोटो आणि कागद नेले, ते इथल्या कुणालाही विचारा. आई-अण्णांना आम्ही सांगलीतल्याच विश्रामबाग भागात दोन खोल्यांत नेलं. त्याला पाच महिने लागले, आणि तेही कमीच पडले.

आधी एक दोनशेपानी वही आणा. आईला ‘हे टाकू का?’ असं विचारू नका, ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर माझी आई ‘राहू दे’ एवढंच म्हणायची, दुसऱ्याला मात्र तिच्याकडे नाव तयार असायचं. वस्तू, ती कुणाला द्यायची आणि ती घरात कशी आली, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. काम सकाळचा चहा झाल्यावर दोन तास, एका वेळी एकच फडताळ. गाद्या, बरण्या, मुदत संपलेली औषधं आधी काढा. फोटो आणि पत्रं शेवटी घ्या, कारण ती उघडली की त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

रद्दी त्यांच्यासमोरच बांधा. मी घाईत एक गठ्ठा परस्पर देऊन टाकला. त्यात अण्णांच्या अडतीच्या दिवसांतल्या वह्या होत्या, हळदीचे भाव टिपलेल्या. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. दोन दिवस ते फक्त ते रिकामं फडताळ उघडून बघायचे. ते मी अजून विसरलेली नाही. मोडी लिपीतले कागद किंवा हातानं लिहिलेली पोथी सापडली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवू नका.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायच्या आधी प्रत्येक भांडं चिंचेनं घासून काठ बघा. आमच्या एका पितळी डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव निघालं, आईच्या मावशीचं, माहेरच्या आडनावासकट. आईनं काठावरून बोट फिरवत ते दोनदा वाचलं आणि मावशीच्या नातीला फोन लावला. ती कराडहून आली, आईच्या हातून डबा घेतला आणि तासभर मावशीच्याच गोष्टी ऐकत बसली. हे आईच्या माघारी झालं असतं तर तो डबा किलोच्या भावानं गेला असता. घंगाळ, बंब, हंडे यांना फ्लॅटमध्ये जागा नसते. ते घरी वजन करून दोन दुकानांत भाव विचारूनच द्या. तंबोरा असेल तर आधी मिरजेत कारागिराला दाखवून दुरुस्त करून घ्या, मग शिकणाऱ्या मुलाला द्या.

देवांचं आधी ठरवा. टाक कुणाकडे जाणार आणि कुळाचार कोण करणार, हे आई-वडिलांनी सगळ्या भावंडांसमोर सांगितलेलं बरं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशातल्या मुलाला सोबत नेता येत नाही, 1972 चा पुरावस्तू कायदा आड येतो. दागिनेही हयातीतच, आईच्या हातून जाऊ देत.

कागदांना एक वेगळी पिशवी करा, तीही प्लॅस्टिकची. सातबारा, घराचा उतारा, पासबुकं, विमा, लॉकरची किल्ली. प्रत्येक खात्यावर नॉमिनीचं नाव आहे का बघा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्रानं करायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकी खर्च वेगळा. स्वस्त पडतं म्हणून घाई करू नका. आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळायची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे उद्या कुणी पाठ फिरवली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते दाद मागू शकतात.

नव्या घराची दारं आणि लिफ्ट आधी टेपनं मोजा, लोखंडी कपाट तिथेच अडतं. पलंग जुन्या घरात होता त्याच बाजूला लावा, रात्री उठल्यावर पाय सवयीनं पडतात. पहिल्या रात्रीची पिशवी आईच्या हातात असू दे: गोळ्या, चष्मा, कवळीची डबी, बॅटरी, नेहमीचा तांब्या. जुन्या घराची एक किल्लीही तिच्याकडेच राहू द्या. माझी आई पहिला महिनाभर दर गुरुवारी रिक्षा करून जायची, तुळशीला पाणी घालायची आणि पायरीवर थोडा वेळ बसून यायची. मग एका गुरुवारी तिनं तुळसच कुंडीसकट इकडे आणली.