मानेची गाठ : सुई टोचण्याआधी

ओपीडीत येणाऱ्या मानेच्या गाठी बहुतेक लिम्फ नोडच्या असतात, त्यामुळे नव्या रेसिडेंटचा हात आपसूक एफएनएसीच्या (बारीक सुईनं पेशी काढून तपासण्याच्या) सुईकडे जातो. पण जबड्याच्या कोनाखाली वर्षानुवर्षं सावकाश वाढलेली, न दुखणारी, टणक गाठ दिसली तर सुई बाजूला ठेवा. आधी ती हलवून बघा.

रुग्णाची मान गाठीच्या बाजूला किंचित झुकवा, म्हणजे स्टर्नोमॅस्टॉइड हा मानेचा स्नायू सैल पडतो. गाठ पुढे-मागे सरकते पण वर-खाली हलत नाही, तर कॅरोटिड बॉडी ट्यूमर (मानेतली कॅरोटिड धमनी दुभंगते तिथली गाठ) डोक्यात आलाच पाहिजे. मात्र एवढ्यावर भुलू नका, व्हेगस नसेचा (मज्जातंतूचा) श्वानोमाही (नसेच्या आवरणाची गाठ) तसाच सरकतो. दाबल्यावर खोकल्याची उबळ आली तर पारडं श्वानोमाकडे झुकतं. दाब हलकाच ठेवा, नाडी मंदावू शकते; दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू नका. तोंडात डोकावून टॉन्सिल आत ढकललाय का, हेही बघा.

मग एमआरआय आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी). रिपोर्टवर विसंबू नका, फिल्म स्वतः पाहा. आतली आणि बाहेरची कॅरोटिड एकमेकींपासून फाकून मधे रक्ताळ गाठ बसली असेल, तर कॅरोटिड बॉडी. कॅरोटिड आणि जुग्युलर शीर यांच्यात फट पडली असेल तर बहुधा व्हेगसचा श्वानोमा. दोघी न फाकता एकत्रच पुढे ढकलल्या असतील तर सिंपथेटिक चेनचा (त्यांच्यामागच्या नसांच्या साखळीचा) श्वानोमा. रक्ताळ गाठीची ओपन बायॉप्सी करायची नाही, रक्तस्राव आवरत नाही.

पॅरागँग्लिओमाचा (कॅरोटिड बॉडी ट्यूमर याच जातीचा) संशय असेल तर मेटानेफ्रिन्स (अ‍ॅड्रेनलिनसारख्या हार्मोनचे अवशेष) तपासाच. मानेतले बहुतेक पॅरागँग्लिओमा हार्मोन सोडत नाहीत, पण जो सोडतो तो ऑपरेशनच्या टेबलावर बीपी आकाशाला भिडवतो. तयारीत अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आधी, बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं) नंतर. उलट केलं तर बीपी आणखी चढतं. मानेची दुसरी बाजूही बघा आणि जनुकीय तपासणी सुचवा. एसडीएचडी या जनुकातला दोष वडिलांकडून आला तर आजार दिसतो, आईकडून आला तर सहसा नाही, म्हणून घराण्याचा इतिहास एक पिढी गाळून आल्यासारखा वाटतो.

कॅरोटिड बॉडी ट्यूमरची शॅम्बलिनची 1971ची वर्गवारी ऑपरेशनचं गणित ठरवते. पहिल्या प्रकारात गाठ सहज सुटते. तिसऱ्यात ती कॅरोटिडला वेढून असते, तिथे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन आणि ग्राफ्टची (धमनीला जोड देण्याची) तयारी हवी. एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा आधीच बंद करणं) केलंच तर साधारण 24 ते 48 तासांत ऑपरेशन उरका. दोन्हीकडच्या गाठी एकाच वेळी काढू नका. वयस्कर रुग्णाची छोटी, त्रास न देणारी गाठ नुसती नजरेखाली ठेवणंही उपचारच आहे.

श्वानोमात कॅप्सूल नसेच्या तंतूंच्या दिशेनं उभी चिरून गाठ आतून सोलतात. तरीही आवाज बसू शकतो. म्हणून ऑपरेशनआधी स्वरतंतूंची हालचाल बघून कागदावर नोंदवा.

ऑपरेशननंतर एखादा रुग्ण म्हणतो, 'पहिल्या घासाला कानाखाली कळ येते, पुढच्या घासांना कमी होते.' दाताचे एक्सरे काढत बसू नका. पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) सिंपथेटिक नस तुटल्यावर असं होतं.