खारघरात बसून डी अँड डी: माणसं आधी, सॉफ्टवेअर मागून

डी अँड डी म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकत खेळतात. आमच्या टेबलावरचे दोघं घोडबंदर रोडचे, एक ऐरोलीचा, एक दुबईला आणि मी खारघरची. समोरासमोर खेळायचं तर कोणाला तरी ट्रान्स हार्बरने ठाणं गाठून पुढे रिक्षासाठी भांडावं लागणार आणि ड्रॅगन अर्धा मेलेला असताना गाडीची वेळ झाली म्हणून उठावं लागणार. म्हणून ऑनलाइन.

नवीन माणूस मला हमखास विचारतो, ‘सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’ अहो, आधी चार माणसं तर जमवा! ओळखीतूनच सुरुवात करा. ऑफिसात बोर्ड गेम खेळणारा एखादा असतोच, शिवाय कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकायला काय जातं? तिथे कोणी सापडलं नाही, तर रेडिटवर ‘एलएफजी’ नावाचा विभाग आहे, खास गट शोधणाऱ्यांसाठी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर भारतीय खेळाडूंचे सर्व्हर, म्हणजे गटही आहेत.

परदेशी गटात शिरण्याआधी घड्याळ बघा. न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपली पहाटेची साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. लंडनचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात, आपण करत नाही, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हमखास घोळ होतो. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. तिथली मराठी मंडळी आपल्या सोयीची.

जाहिरातीत मोघम लिहू नका. ‘कोणी खेळणार का?’ याला उत्तर येत नाही. असं लिहा: ‘शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेबारा, भारतीय वेळ. डी अँड डी पाचवी आवृत्ती, एका बैठकीत संपणारा वन-शॉट, चार खेळाडू हवेत, नवखे चालतील. बोलणं मराठी-हिंदीत. माइक हवा, कॅमेरा नको.’ आणि एक आतली गोष्ट: खेळाडू ढिगाने मिळतात, तुटवडा असतो तो डीएमचा, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याचा. ‘डीएमचं काम मी करते’ म्हटलंत की टेबल पटकन भरतं.

पहिल्याच दिवशी वर्षभराचं कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी लांबलचक गोष्ट, ठरवू नका. वन-शॉटच खेळा. कोण दुसऱ्याला बोलू देतं, कोण नियमांवरून वकिली करतं, कोण ‘आलोच’ म्हणून गायब होतं, ते तीन तासांत कळतं. अनोळखी लोक असतील तर आधी अर्धा तास ‘सेशन झिरो’ कराच: गोष्टीत काय चालेल, काय अजिबात नको, मध्येच थांबायचं असेल तर खूण काय. ‘कशाला एवढं’ म्हणून कुरकुरणारा माणूस मी सरळ वगळते.

आता साधनं. बोलायला डिस्कॉर्ड, आणि त्यात पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच आवाज जातो) चालू ठेवा, नाहीतर घरच्या कुकरची शिट्टी थेट तळघरातल्या लढाईत ऐकू जाते. नकाशा आणि फाशांना रोल20: ब्राउझरमध्ये चालतं, फुकट खात्यावर बरंच काही होतं. फोनवर मात्र जीव नकोसा होतो, लॅपटॉप घ्या. नुसता नकाशा आणि सोंगट्या हव्या असतील तर आउलबेअर रोडिओ त्याहून सुटसुटीत. खेळाडूंना लिंक पाठवली की झालं.

फाउंड्री या रोल20सारख्याच सॉफ्टवेअरचं कौतुक खूप ऐकाल. ते एकदाच विकत घ्यायचं आणि तेही फक्त डीएमने, हे खरं. पण ते डीएमच्या मशीनवरून चालतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरच्यांना तुमच्या संगणकापर्यंत थेट येता येत नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्या, नाहीतर कंपनीकडे वेगळा पब्लिक आयपी मागा. सुरुवातीला हा व्याप नकोच.

पुस्तकांवरही लगेच पैसे घालवू नका. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. त्यांची पीडीएफ फुकट मिळते. पाथफाइंडर हा याच धर्तीचा दुसरा खेळ आवडत असेल तर त्याचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर वाचायला मिळतात, तेही बिनपैशांत. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, आदल्या रात्रीच भरून ठेवा. साडेनऊला बसून ‘एल्फ घेऊ की ड्वार्फ’ करणाऱ्याला आमच्याकडे डीएम सरळ हातात तयार शीट देतो, बहुतेक वेळा गाणाऱ्या बार्डची.