सिग्नल केबिन पुन्हा ‘चालती’ करताना

संग्रहालयासाठी रेल्वेची जुनी सिग्नल केबिन, म्हणजे लिव्हर ओढून सिग्नल चालवायची खोली, उभी करायच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत विचारतात, पडद्यावर गाड्या दाखवायला गेम इंजिन कुठलं घ्यायचं? त्यांना मी सांगतो, ते नंतर बघू, आधी लॉकिंग टेबल वाचा. कुठला लिव्हर ओढला की कुठला अडकतो, एवढंच त्यात असतं. रटाळ वाटेल, पण केबिनची सगळी अक्कल तिथेच आहे. जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये सांधे (गाडीला रूळ बदलून देणारे) आणि सिग्नल एकमेकांत अडकवणाऱ्या रचनेचं पेटंट घेतलं. आयर्लंडमधल्या आर्मा इथल्या रेल्वे अपघातानंतर १८८९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर अशी रचना, म्हणजे इंटरलॉकिंग, सक्तीची झाली.

ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेमवर, म्हणजे लिव्हरच्या रांगेवर, गाडी घ्यायची तर आधी काळा लिव्हर, म्हणजे सांधा. मग निळा, सांध्याचं कुलूप. मग लाल, गाडी थांबवणारे सिग्नल. ते सगळे उतरले, म्हणजे मोकळे झाले, की शेवटी पिवळा डिस्टंट, पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा. परत टाकताना उलटा क्रम. हात फडक्यात गुंडाळून ओढायचं, कारण पॉलिश केलेली मूठ घामाने गंजते. प्रेक्षकालाही फडकं द्या, त्याला फार आवडतं.

क्रम चुकला तर लिव्हर हललाच नाही पाहिजे. पडद्यावर ‘चूक’ अशी लाल अक्षरं झळकवून भागत नाही. सिम्युलेशनचा जीव त्या नकारात आहे. मूळ यांत्रिक लॉकिंग शाबूत असेल तर त्याला हात लावू नका, नसेल तर विद्युत कुलपं बसवा. सिग्नलकडे जाणाऱ्या तारा काढलेल्या असल्याने लिव्हर फुलासारखा हलका येतो, म्हणून मागे वजन किंवा स्प्रिंग लागतेच. प्रत्येक लिव्हरला दोन स्विच लावा, दोन्ही टोकांना एकेक. अर्धवट ओढलेला लिव्हर ही तिसरी अवस्था आहे आणि मुलं नेमकी तीच शोधून काढतात.

घंटेवर वेळ घालवा, दोन केबिन तिच्या ठोक्यांनीच बोलतात. शेजारची केबिन आधी एक ठोका देते, आपण तो परत द्यायचा. साध्या प्रवासी गाडीसाठी ३-१ येतात, म्हणजे तीन ठोके, थोडं थांबून एक. मार्ग मोकळा असेल तर तेच परत देऊन ब्लॉक इन्स्ट्रुमेंट, म्हणजे मार्गाची स्थिती दाखवणारं काट्याचं यंत्र, ‘लाइन क्लिअर’वर आणायचं. २ ठोके म्हणजे गाडी निघाली, काटा ‘ट्रेन ऑन लाइन’वर. शेवटच्या डब्याचा दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय २-१, म्हणजे अख्खी गाडी आली, द्यायचे नाहीत. म्हणून चित्रात तो दिवा दिसलाच पाहिजे, आणि अधूनमधून एखादी गाडी मुद्दाम दिव्याविना पाठवा. स्पीकर नको, खरी घंटा हवी, आणि दोन बाजूंच्या घंटांचे नाद वेगळे. बटणाचा संपर्क थरथरतो आणि एका ठोक्याचे दोन मोजले जातात. ते गाळायलाच हवं, पण बेताने: मुरलेल्या केबिनमनचा हात फार जलद चालतो.

असा माणूस भेटला तर त्याला खुर्चीत बसवून नियम विचारू नका. फ्रेमसमोर उभं करा. मग तो लिव्हर ओढला जाऊ नये म्हणून त्यावर अडकवायची कडी आपणहून मागेल. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलला केबिनमनला केबिनसमोरच उभ्या असलेल्या गाडीचा विसर पडला, कडीही लावलेली नव्हती. २०० हून अधिक माणसं गेली. ही कडी खोक्यात सापडली की अनेकजण ती सजावट समजून काचेआड ठेवतात. ती वापरात ठेवा.

वेळेचं काय? दोन केबिनमधला प्रवास कित्येक मिनिटांचा असतो, प्रेक्षक तेवढा थांबत नाही. धाव खुशाल आखूड करा, घंटांचा संवाद मात्र पूर्ण ठेवा.

शिक्षणाचं म्हणाल तर थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रामिंग आणि जुनी रेखाचित्रं वाचायची चिकाटी पुरते. जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या वारसा रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून शिरणं हा सोपा रस्ता.

चाचणी कोड लिहिणाऱ्याने करू नये. लॉकिंग टेबल दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्यात मना केलेली प्रत्येक जोडी ओढून बघायला सांगा. वीज जाऊन आल्यावर काय होतं तेही बघा. सगळे लिव्हर जागच्या जागी आहेत असं प्रोग्रामने गृहीत धरायचं नाही. ते जसे असतील तसे वाचायचे आणि मेळ बसत नसेल तर सगळे सिग्नल लाल ठेवून माणसाची वाट बघायची.