चालू पंपघरात जुना पंप बदलायचा असेल तर

नगरपालिकेचं पहिलं काम मिळालं की पोरं माझ्याकडे येतात आणि पंपाबद्दल विचारतात. कोणत्या कंपनीचा घेऊ, किती एचपीचा, मोटरला वॉरंटी किती. मी हातात टेप देतो आणि सांगतो, आधी पंपघरात जा आणि जुन्या फ्लँजचा, म्हणजे पाइपाच्या तोंडावरच्या बोल्टच्या भोकांच्या चकतीचा, घेर मोजून आण. पोरांना वाटतं म्हातारा टाळतोय.

वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. मी आयटीआय करून आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या नावावर तापीकाठची, गिरणाकाठची पंपघरं केली. नवा पंप कारखान्यातून तपासून येतो, तो सहसा घोटाळा करत नाही. घोटाळा होतो तो नवं सामान जुन्याला जिथे जोडतो त्या एका सांध्यावर, आणि तोही रात्री अडीच वाजता, गाव कोरडं असताना.

माझाच किस्सा सांगतो. एका नगरपालिकेत ३०० मिमीच्या डिलिव्हरी लाइनवर, म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपावर, पंप आणि व्हॉल्व्ह बदलायचे होते. जुन्या फ्लँजची भोकं मोजली, बारा. नव्या व्हॉल्व्हची मोजली, बारा. झालं, म्हटलं. शटडाऊनमध्ये, म्हणजे कामासाठी पाणीपुरवठा बंद ठेवलेल्या वेळात, व्हॉल्व्ह चेनपुलीवर लटकवला तर बोल्ट शिरेना. दोन्हींचा दाबाचा वर्ग वेगळा, जुनी फ्लँज पीएन १० ची, नवी पीएन १६ ची. ३०० च्या मापात दोन्हींना भोकं बाराच, पण भोकांच्या वर्तुळाचा व्यास एकीचा ४०० आणि दुसरीचा ४१० मिमी. बोल्टही एकीला २० चा, दुसरीला २४ चा. दहा मिलिमीटरसाठी रात्रीतून लेथवाल्याला उठवून जोडफ्लँज करून घेतली. बारा तासांचं शटडाऊन एकतीस तासांवर गेलं. त्या दिवशी मी चहाच्या टपरीवरही गेलो नाही.

बोल्ट लागलेल्या फ्लँजवर वर्तुळाचा व्यास मोजायला पाइप आडवा येतो. म्हणून फ्लँजच्या बाहेरच्या कडेवर टेप गुंडाळा. ३०० ची पीएन १० फ्लँज असेल तर घेर साधारण १३९८ मिमी भरतो, पीएन १६ असेल तर १४४५. सत्तेचाळीस मिमीचा फरक आंधळ्यालाही कळेल. त्याआधी वायर ब्रशने गंज आणि रंगाचे थर काढा, नाहीतर टेप खोटं बोलते. जुनी पंपघरं इंची मापाच्या जमान्यातली असतील तर घेर या दोन्हींत बसणार नाही. मग फ्लँजवर जाड पुठ्ठा दाबून हातोडीने हलके ठोकत छाप घ्या आणि तोच पुठ्ठा लेथवर द्या.

पाइप कापून कपलिंग (दोन तुकडे जोडणारा जोड) घालायचं असेल तर तिथेही हेच. ३०० चा डीआय (डक्टाइल लोखंडाचा) पाइप बाहेरून ३२६ मिमी, एमएस (साध्या पोलादाचा) पाइप साधारण ३२४. घेरात सहा-सात मिमीचा फरक येतो. पट्टी आडवी धरून व्यास मोजू नका, घेर घ्या आणि ३.१४१६ ने भागा. दोन-तीन जागी मोजा, कारण जुना पाइप गोल असतोच असं नाही.

आता शटडाऊन. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. कुठे दोन दिवसांआड, कुठे चार, उन्हाळ्यात काही गावांत आठवड्याच्या वर जातं. पाळीने एकेक भाग भरतात. त्यामुळे तुमचे बारा तास हे बारा तास नसतात. एका भागाची पाळी चुकली की मागच्या सगळ्या भागांची एकेक दिवस पुढे सरकते, आणि ज्याचं पाणी आज येणार होतं तो पंपघराच्या फाटकावर येऊन विचारतो, "पानी कव्हय ई भो?", पाणी कधी येईल? म्हणून तारीख पाणीपुरवठा अभियंत्याबरोबर ठरवा, पण वेळ व्हॉल्व्हमनला विचारून ठरवा. कोणता भाग कधी भरतो, कोणती टाकी गळते, कोणता व्हॉल्व्ह नावालाच बंद होतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं, नकाशात नसतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात शटडाऊन मागू नका. माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि ऊनही तापलेलं असतं. श्रावणात कानबाईच्या सणाचा रविवारही सोडा. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी असतं, तेव्हा शुद्धीकरण केंद्र आधीच दमलेलं. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सोन्याचे.

आठवडाभर आधी एकदा रात्री, गावाची पाळी संपल्यावर, लाइनवरचा जो स्लूस व्हॉल्व्ह (पाणी अडवणारी झडप) बंद करून काम करायचं तो पूर्ण बंद करून बघा. जुना व्हॉल्व्ह हमखास पाणी सोडतो. आणि रायझिंग मेनमधलं, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंत चढणाऱ्या लाइनमधलं, पाणी विसरू नका. ३०० मिमीची दोन किलोमीटर लाइन भरलेली असेल तर तिच्यात सुमारे १ लाख ४१ हजार लिटर पाणी असतं. टाकी उंचावर असल्याने बोल्ट सैल केला की ते सगळं पंपघराकडेच धावतं. तासाला ४० हजार लिटर काढणारा डिझेल पंप लावला तरी साडेतीन तास गेले. लाइनला वॉशआउट, म्हणजे पाणी बाहेर सोडायची तोटी, कुठे आहे आणि त्याचं पाणी कोणाच्या शेतात जाईल, हे दिवसा बघून ठेवा. ऐन वेचणीत कापसाच्या शेतात पाणी सोडलं तर भांडण नक्की.

उन्हाबद्दल एक. मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि उघड्यावरचा लोखंडी पाइप त्याहून कितीतरी तापतो. तीस अंशांच्या फरकाला शंभर मीटर एमएस पाइप ३६ मिमीने लांबतो. दुपारी ताणून बोल्ट मारलेला शेवटचा सांधा पहाटे गार झाला की गॅस्केट (दोन फ्लँजमधली रबराची चकती) सोडतो. म्हणून लांब उघड्या लाइनचा शेवटचा जोड भल्या सकाळी बंद करा, आणि पंपाजवळ डिसमँटलिंग जॉइंट, म्हणजे लांबी कमी-जास्त करून सोडवता येणारा जोड, टाकाच. निविदेत नसला तर अभियंत्याला पटवा. उद्या व्हॉल्व्ह काढताना पाइप कापावा लागणार नाही.

पंप बसवण्यात मुख्य गोष्ट एकच, पाइपाचं वजन पंपावर टेकू नये. सक्शनला (पाणी ओढणाऱ्या पाइपाला) आणि डिलिव्हरीला स्वतंत्र आधार हवा. पंपाच्या बैठकीखालचा सिमेंटचा ग्राउट पक्का झाल्यावर, पाइप जोडून, पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा आणि फ्लँजचे बोल्ट एकेक सैल करा. काटा हलला तर पाइप पंपाला ओढतोय. बोल्टच्या जोराने फ्लँज जवळ आणणारे फिटर मी पाहिलेत. तो पंप सहा महिन्यांत बेअरिंग खातो आणि दोष मात्र कंपनीला लागतो. आडव्या पंपाला विहिरीतून पाणी ओढायचं असेल तर सक्शनचा रिड्यूसर (मोठ्या मापाचा पाइप लहानाला जोडणारा तुकडा) एका बाजूने सपाट घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा, नाहीतर वरच्या फुगवट्यात हवा अडकते आणि पंप पाणी सोडतो. बोल्ट समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा.

मोटरची फिरण्याची दिशा कपलिंग जोडण्याआधी बघा. जॅकवेलमधल्या (नदीचं पाणी घ्यायच्या विहिरीतल्या) उभ्या टर्बाइन पंपाच्या बाबतीत तर हे विसरूच नका. उलटा फिरला तर शाफ्टचे आटे सुटू शकतात आणि मग अख्खा कॉलम, विहिरीत सोडलेला उभा पाइप, वर काढावा लागतो. वायरमनने दुपारी फेज बघितला होता हे कारण चालत नाही, मधे लाइटवाल्यांनी खांबावर काम केलेलं असू शकतं.

एचपी कमी घेऊ नका, पण उगाच मोठाही नको. तासाला ३०० घनमीटर पाणी ४० मीटर उंच चढवायचं तर पाण्यालाच ३३ किलोवॅटच्या आसपास लागतात. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की शाफ्टवर ४४. ४० मीटरमध्ये पाइपाचं घर्षण धरलंय का, एवढं विचारा.

क्लोरीनघर शेजारी असेल तर काम सुरू करण्याआधी वारा कोणत्या बाजूचा आहे ते मजुरांना दाखवा. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, तो खाली बसतो. गळती झाली तर वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर पळायचं. सिलिंडरवर पाणी मारायचं नाही.

मलनिस्सारणाचं काम घेणार असाल तर वेट वेलमध्ये (सांडपाणी जमा होणाऱ्या विहिरीत) कोणालाही तसंच उतरवू नका. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आहे. वास अचानक बंद झाला तर वायू गेलाय असं समजू नका, नाक मेलंय. गॅस मीटरने तपासून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर कोणीही उतरायचं नाही. पंख्याने हवा, दोर, वर दोन माणसं. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा बिनमास्क उतरला की तोही जातो.

कागदाचं थोडक्यात. दर फार खाली टाकला तर जादा अनामत मागतात, आणि बिल कधी निघेल ते तुमच्या हातात नसतं, तेव्हा तीन महिन्यांचे पगार बाजूला ठेवूनच निविदा भरा. जुना पंप, मोटर, कापलेले पाइप अभियंत्यासमोर वजन करून स्टोअरला द्या आणि पोच घ्या. जुन्या मोटरमधलं तांबं कुठे गेलं हा प्रश्न दोन वर्षांनी लेखापरीक्षणात निघतो. जमिनीखाली जाणाऱ्या सांध्यांची मोजमाप पुस्तिकेत नोंद माती टाकायच्या आधी करून घ्या.

चालू करताना सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करा आणि हळूहळू उघडा. ऑपरेटरच्या वहीत दाब, अँपिअर आणि वेळ लिहा, त्याची सही घ्या. पहिलं पाणी लालसर येईल. ते वॉशआउटने सोडून द्या, नव्या भागाचं क्लोरिनेशन झाल्याशिवाय टाकीत घेऊ नका. आठव्या दिवशी परत जा. रबराचं गॅस्केट दबतं, बोल्ट सैल होतात, विशेषतः सक्शनचे, आणि ते आवळायला व्हॉल्व्हमन तुम्हाला फोन करेपर्यंत थांबू नका.